टिन कडेपासून उडतं: वादळाआधी घराची बांधाबांध

विदर्भातलं वादळ चार दिवस आधी वर्दी देऊन येत नाही. समुद्रातलं चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकताना त्याचा माग काढता येतो. आपल्याकडचं वावधन (वादळी वारा) मार्च ते जूनमधल्या एखाद्या तापलेल्या दुपारी ढग चढून तयार होतं आणि तास-दोन तासांत गावावरून निघून जातं. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आदल्या दिवशी मिळतो. पण ते तुमच्या गावावर येणार की नदीपलीकडच्या, हे शेवटच्या अर्ध्या तासातच दिसतं.

म्हणून कामांची वाटणी वेळेप्रमाणे करायची. काही कामं होळीच्या आसपास उरकायची, काही इशारा आला की त्याच दिवशी, आणि अगदी थोडी शेवटच्या अर्ध्या तासात. छपराचं प्रत्येक काम पहिल्या वाटणीत येतं. ढग भरून आल्यावर दगड ठेवायला किंवा ताडपत्री ओढायला कोणीही टिनावर चढायचं नाही. गावात नव्याने राहायला आला असाल तर एवढी एक गोष्ट आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

इशारा आणि आभाळ

नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भातल्या सगळ्या जिल्ह्यांसाठी रोज इशारा देतं. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. रंगापेक्षा त्याखालचं वाक्य नीट वाचा. ‘ताशी ४० ते ५० किमी वेगाने वारा’ आणि ‘५० ते ६० किमी’ यांत छपराच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. ते का, ते पुढे येईलच. पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा इशाराही निघतो, तो दुपारी तीननंतर दर थोड्या वेळाने बघावा. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर असू द्या. तुमच्या आसपास वीज कुठे पडते आहे ते त्यात दिसतं.

नेट नसेल तर आभाळ वाचता आलं पाहिजे. दिवसभराचा गरम वारा एकदम पडतो, झाडाचं पान हलत नाही, आणि मग ढगाच्या बाजूने धुळीसकट थंड झोत येतो. ढगातल्या पावसाने गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तोच हा झोत. म्हणून वारा पावसाच्या आधी येतो, आणि नुकसानही बहुधा पहिल्या थेंबाच्या आधीच होतं. थंड झोत अंगाला लागला की हाताशी मोजकी मिनिटं उरली असं समजा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. मोजणी ३० च्या आत आली तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि बाहेर थांबण्यात अर्थ नाही.

टिनाचं छप्पर

बहुतेकांचा समज असा की वारा छप्पर ढकलतो. खरं तर वारा ते वर ओढतो. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो आणि खालून घरात शिरलेली हवा टिनाला वर लोटते. वाऱ्याचा वेग दीडपट झाला की हा जोर सव्वादोनपट होतो, म्हणून दहा-वीस किलोमीटरचा फरक लहान नसतो.

ढोबळ हिशोब करून पाहा. १० बाय १२ फुटांच्या खोलीवरचं अर्धा मिलिमीटर जाडीचं टिन सगळं मिळून ५० किलोच्या आसपास भरतं. ताशी ६० किमीच्या वाऱ्यात त्याला वर ओढणारा जोर १९० किलोच्या घरात जातो. ताशी ९० किमीला तो ४०० किलोच्या वर जातो, आणि कडांना व कोपऱ्यांना त्याहूनही जास्त बसतो. आता टिनावर ठेवलेल्या आठ-दहा दगडांचा विचार करा. प्रत्येकी आठ किलो धरले तरी ८० किलो. टिन उचललं गेलं की हे दगड आत झोपलेल्या माणसावर पडतात किंवा गल्लीत जाऊन आदळतात. दगड उतरवून टाका. त्यांच्या जागी हूक लागतात.

छप्पर नेहमी कडेपासून सुटतं. वळचणीची किंवा बाजूची एक पट्टी उचलली जाते, तिच्याखालून वारा शिरतो, आणि मग पुढची टिनं एकामागून एक उलगडत जातात. त्यामुळे पैसा कमी असेल तर तो मधल्या भागात घालू नका, आधी कडा धरा.

तपासणी अशी करा. घरातून, खाली घट्ट मांडलेल्या स्टुलावर उभं राहून, वळचणीच्या पाइपाजवळ (टिन ज्याच्यावर टेकतं तो आडवा पाइप) टिनाला तळहाताने वर लोटा. टिन खडखडलं किंवा बोटभर उचललं गेलं तर तिथला हूक ढिला आहे. हुकाभोवती गंजाचं लाल वर्तुळ दिसतं का, भोक लांबट झालंय का, रबरी वॉशर तडकलाय का, हे पाहा. लांबट भोक म्हणजे टिन वाऱ्यात हालतंय आणि हळूहळू फाटतंय. त्याच भोकात नवा हूक घालून उपयोग होत नाही. शेजारच्या पन्हळीवर नवं भोक पाडा आणि जुनं एमसीलने बुजवा.

इंग्रजी J आकाराचे हूक ८ मिलिमीटर जाडीचे घ्या, वर रुंद पत्र्याचा वॉशर आणि त्याखाली रबरी. हूक पन्हळीच्या उंचवट्यावर बसवायचा, खोलगटात नाही; खोलगटात पाणी उभं राहतं आणि भोकातून गळतं. वळचणीच्या आणि आढ्याच्या पाइपावर दर दुसऱ्या पन्हळीला हूक, मधल्या पाइपांवर दर चौथीला. १० बाय १२ च्या खोलीला या मापाने ७० ते ८० हूक लागतात. फॅब्रिकेटर सांगतो त्यापेक्षा हा आकडा मोठा वाटेल, पण तिथे कंजुषी करू नका. नट आवळताना पन्हळ चेपली जाईपर्यंत आवळू नका. चेपलेल्या जागी पाणी साठतं आणि टिन तिथूनच गंजतं.

आणखी तीन मापं लक्षात ठेवा. दोन पाइपांमधलं अंतर चार फुटांपेक्षा जास्त नको. टिनावर टिन बाजूने दोन पन्हळी आणि उतारावर सहा इंच चढलेलं असावं. वळचण भिंतीबाहेर फूट-दीड फुटापेक्षा पुढे काढू नका. सावलीसाठी तीन-तीन फूट काढलेली वळचण वाऱ्याला हातात धरायला दिल्यासारखी आहे. सावली हवीच असेल तर तिच्यासाठी सपरीचं (पडवीचं) वेगळं छप्पर करा, म्हणजे गेली तर सपरी जाईल आणि घर राहील.

इतकं करूनही एक जागा राहून जाते. टिन पाइपाला घट्ट, पण पाइप भिंतीला? बऱ्याच घरांत पाइप विटांच्या खाचेत नुसता ठेवून वरून सिमेंट थापलेलं असतं. जोराच्या वाऱ्यात टिन, पाइप आणि वरच्या दोन थर विटा असं सगळं मिळूनच जातं. नवं बांधत असाल तर पाइपाच्या प्रत्येक टोकाखाली १२ मिलिमीटरची सळई भिंतीत किमान दोन फूट खाली काँक्रीटमध्ये बसवून वरचं टोक पाइपाला वेल्ड करा. घर जुनं असेल तर ८ नंबरची जी.आय. तार पाइपावरून दुहेरी घ्या, भिंतीत तीन फूट खाली आरपार भोक पाडून पलीकडे लोखंडी तुकड्याला अडकवा, आणि पक्कडीने पीळ देऊन ताणा. सळया बांधायची बारीक बाइंडिंग तार या कामाला चालत नाही. ती पिळातच तुटते.

भिंत आणि टिन यांच्यामधली फट हवेसाठी ठेवलेली असते. उन्हाळ्यात ती बरी वाटते, पण वारा तिथूनच आत शिरतो. पश्चिमेची आणि उत्तरेची फट विटा-गाऱ्याने बंद करा, दुसऱ्या बाजूची राहू द्या. तेवढं जमलं नाही तर इशारा आल्यावर गोणपाट घट्ट कोंबा.

तीन बाजू बंद आणि एक उघडी, असा गोठा किंवा शेड सगळ्यात आधी उडतं. उघड्या बाजूने वारा आत येतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो छप्परच उचलतो. अशा शेडच्या मागच्या भिंतीत वरच्या बाजूला फूटभर उंचीची जाळी ठेवा, आणि हूक व ताणतारा घरापेक्षा दुप्पट लावा.

कवेलू आणि धाबं

कवेलूचं (कौलांचं) घर वाऱ्यात टिनासारखं एकगठ्ठा जात नाही, जागोजागी उघडं पडतं. माकडांनी सरकवलेली कवेलू ही त्याची सुरुवात असते. दरवर्षी कवेलू फेरताना आढ्याची ओळ आणि दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दोन ओळी चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गाऱ्यात बसवून घ्या. मधली कवेलू सुटीच राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी फेरता येत नाहीत. घरात ५०-६० जादा कवेलू रचून ठेवा, कारण वादळानंतर गावात ती मिळत नाहीत. खालच्या लाकडी फाट्यांना वाळवी लागली आहे का, हे फेरतानाच बोथट टोकाने टोचून पाहा.

बुलढाणा-अकोल्याकडच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घराला वाऱ्याचं भय कमी, पाण्याचं जास्त. पांढऱ्या मातीचा थर दाबून घ्या, उंदरांची बिळं बुजवा, पन्हाळ मोकळं करा. मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी पाणी थांबत असेल तर तिथली नाली खोल करा. भिंत तळातून भिजली की वरून कोरडी दिसतानाच बसते.

झाडं

९ एप्रिल २०२३ ला संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळात एक जुनं कडूनिंबाचं झाड टिनाच्या शेडवर कोसळलं आणि शेडखाली आसऱ्याला थांबलेल्या ७ जणांचा जीव गेला. झाडाखालचं टिनशेड ही वादळातली सगळ्यात फसवी जागा आहे. ते कोरडं असतं आणि तिथे गर्दी असते, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

घराभोवतीचं प्रत्येक झाड पाहा. त्याची उंची घरापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर ते तुमच्या हिशोबात आलं. खोडात पोकळी, बुंध्यापाशी अळंबी, एका बाजूला माती वर उचललेली, किंवा रस्ता-नाली करताना कापली गेलेली मुळं दिसली तर वाट बघू नका. निरोगी झाड पाडायची गरज नसते. वाळलेल्या आणि छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा, शेंडा दाट असेल तर विरळ करा, म्हणजे वारा आरपार जाईल. सुबाभूळ आणि गुलमोहराच्या फांद्या पटकन मोडतात, त्या आधी घ्या. तारेजवळची फांदी महावितरणला सांगून, लाइन बंद करून घेतल्याशिवाय तोडू नका.

वीज आणि तारा

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर टिनाच्या कडेला घासते आहे का, हे आजच बघा. वाऱ्यात हेलकावे खाऊन तिचं प्लास्टिक सोललं जातं आणि अख्खं छप्पर, त्याला टेकलेला लोखंडी दरवाजा, कपडे वाळत घालायची तार, सगळ्यात करंट उतरतो. वायरसाठी स्वतंत्र पाइप उभा करून ती टिनापासून हातभर तरी वर ठेवावी. कपड्यांसाठी लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा; पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून जीव वाचतो. मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा. सुकलेल्या काळ्या मातीला भेगा पडल्या की अर्थिंग नावापुरतं उरतं.

डुकरांसाठी वावराला झटका मशीनची तार लावलेली असेल तर ढग आले की मशीन बंद करा आणि तारेपासून लांब राहा. दूरवर पडलेली वीजही त्या तारेतून धुऱ्या-धुऱ्याने (बांधा-बांधाने) पसरते.

कापूस, धान्य, बियाणं

भावाची वाट बघत घरात ठेवलेला कापूस हा अनेक घरांतला सगळ्यात मोठा ऐवज असतो, आणि तो बहुधा टिनाच्याच खोलीत असतो. भिजला की पिवळा पडतो, आतून तापतो, सरकीला कोंब येतात. ढिगाखाली फळ्या किंवा तुराट्यांचा सहा इंचांचा थर द्या. भिंतीपासून फूटभर जागा सोडा. वरून ताडपत्री घाला, खोलीला छप्पर असलं तरी घालाच. त्या खोलीत वायरचा उघडा जोड नको, चुलीची ठिणगी पोचेल अशी जागा नको.

घरचं सोयाबीन बियाणं सगळ्यात नाजूक. त्याचं टरफल पातळ असतं. घाईत कट्टे फेकले की दाणा आतून दुखावतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पेरल्यावर उगवत नाही. हे कट्टे घरातल्या सगळ्यात भरवशाच्या खोलीत, फळ्यांवर, उन्हाळ्यातच नेऊन ठेवा, म्हणजे वादळाच्या दिवशी उचलायची वेळ येणार नाही.

कुटाराच्या (भुशाच्या) गंजीवर नुसती ताडपत्री टाकून चार कोपरे बांधले तर ती शिडासारखी फुगते आणि गंजी विस्कटते. ताडपत्रीवरून दर तीन फुटांनी आडवी दोरी घ्या आणि दोरीच्या दोन्ही टोकांना १०-१५ किलो माती भरलेली पोती लटकवा. वजन लोंबतं असलं की गंजी दबली तरी दोरी ढिली पडत नाही. खुंटीला बांधलेली पडते.

इशारा आल्यावर, त्याच दिवशी

पाणी भरून ठेवा. लाइन गेली की नळयोजना आणि बोअर दोन्ही बंद. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ४-५ लिटर धरा. पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ६० ते ७५ लिटर झाकून ठेवावं. एका बैलाला किंवा गाईला उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ६० लिटर लागतं, त्यासाठी टाकं भरा. स्लॅबवरची प्लास्टिकची टाकीही काठोकाठ भरा. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे ५०० किलो वजन, ते हलत नाही. रिकामी टाकी गल्लीत सापडते. टाकी डळमळत्या अँगलच्या स्टँडवर असेल तर मात्र ती भरू नका, रिकामी करून खाली उतरवा आणि बांधा.

दळण आणा. नव्या माणसाच्या हे लक्षात येत नाही: लाइन नाही म्हणजे चक्की नाही, आणि घरात पोतंभर गहू-ज्वारी असून भाकरीला पीठ नसतं. चार-पाच दिवसांचं पीठ, वाळलेलं जळण आणि गोवऱ्या आत घ्या, काडेपेटी डब्यात ठेवा. मोबाइल, बॅटरी आणि पॉवर बँक चार्ज करा.

कागद एका जाड पिशवीत: आधार, बँकेचं पासबुक, सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८. घराच्या चारही बाजूंचे, छपराचे, गोठ्याचे आणि साठवलेल्या मालाचे फोटो आजच काढा. नुकसानीचा पंचनामा करताना ‘आधी काय होतं’ हे दाखवायला हेच उपयोगी पडतात.

मग आवारात फिरा. सुटी टिनं, बाजा, प्लास्टिकच्या खुर्च्या, घमेली, मडक्यांची उतरंड आत. दारापुढची हिरवी नेट आणि लग्नाचा मांडव उतरवा. नेट बांधलेली राहिली तर ती ज्या पाइपाला आहे तो पाइप उपटते. डिश अँटेना काढणं शक्य नसेल तर बोल्ट आवळा.

एप्रिल-मेच्या दिवसांत कूलर विसरू नका. खिडकीबाहेरच्या स्टँडवरचा टिनाचा कूलर वादळात खाली येतो, आणि चालू असेल तर ओल्या जागेत करंट घेऊन येतो. स्टँड खिडकीच्या गजांना दोन ठिकाणी तारेने बांधा, पण ते बांधण्याआधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही.

अंगणात झोपायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे. यलोचा इशारा असला तरी त्या रात्री बाजा आत घ्या. झोपेत वादळ आलं की म्हातारी माणसं आणि लेकरं उठून आत येईपर्यंत सुटी टिनं उडायला लागलेली असतात.

ढोरं

गोठा पक्का असेल तर ढोरं गोठ्यात. तो कच्चा असेल आणि वर सांगितल्यासारखा एका बाजूने उघडा असेल तर त्यांना झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब, मोकळ्या आवारात ठेवा. कासरा सुटत्या गाठीने बांधा, एका ओढीत मोकळा झाला पाहिजे. लोखंडी साखळी नको. झाडाखाली एकत्र बांधलेली जनावरं एकाच विजेत जातात, कारण झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांमधलं अंतर मोठं असल्याने त्याच्या अंगातून वाहते. शेळ्या आणि वासरं घरात घ्यायला जागा असेल तर जरूर घ्या. प्रत्येक जनावराच्या कानातल्या टॅगचा १२ अंकी क्रमांक कागदांच्या पिशवीत लिहून ठेवा.

शेवटचा अर्धा तास

क्रम असा ठेवा, कारण सगळं होईलच असं नाही.

१. वावरात, नदीवर, शाळेच्या मैदानात कोण आहे ते बघा आणि बोलवा.
२. ढोरं सोडवून जागेवर न्या.
३. टीव्ही, फ्रिज, कूलर, मोबाइलचा चार्जर यांचे प्लग काढा, डिशची वायर टीव्हीपासून वेगळी करा, मग मेन स्विच खाली. गडगडाट जवळ आला असेल तर प्लगला हात लावू नका.
४. चूल विझवा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा. उघड्या घरात शिरलेला वारा राखेतला निखारा पऱ्हाटीच्या ढिगापर्यंत नेतो.
५. सगळी दारं-खिडक्या लावा, आतून अडसर घाला. ‘एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे दाब निघून जाईल’ हा सल्ला ऐकू नका. वारा आत आला की छपराला खालून जोर मिळतो.
६. मग माणसांनी जागा धरायची.

ही जागा आधीच ठरवलेली असावी. शेजारी स्लॅबचं घर असेल, शाळा किंवा समाजमंदिर पक्कं असेल, तर झोत येण्याआधी तिकडे जा. घर टिनाचंच असेल तर आतल्या खोलीत, पक्क्या भिंतीच्या कोपऱ्यात, दिवाणाखाली किंवा मजबूत टेबलाखाली बसा. मातीच्या उंच भिंतीला टेकू नका. गारा असतील तर डोक्यावर उशी किंवा टोपलं धरा. लोखंडी दार, गज, नळ, ओली भिंत यांना हात लावू नका. कोणी टिन धरून ठेवायला वर चढू लागलं तर त्याला खाली ओढा. ४०० किलोचा जोर माणसाच्या हाताने थांबत नाही.

वावरात अडकलात तर एकट्या पळसाखाली, मोहाखाली किंवा विहिरीच्या कठड्याजवळ थांबू नका. सखल जागी, दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसा, आडवे पडू नका. एकमेकांपासून अंतर ठेवा.

आभाळातली वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. वीज अंगावर आलेली माणसं अशा दाबण्याने परत येऊ शकतात, म्हणून मेला असं समजून सोडू नका.

वादळ गेल्यावर

शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबा. ऊन पडलं तरी मागे राहिलेल्या ढगातून वीज पडू शकते.

बाहेर पडताना बॅटरी आणि काठी हातात असू द्या. पडलेली तार मेलेली आहे असं कधीही धरू नका, ३०-३५ फूट लांब राहा, लेकरं आणि ढोरं अडवा, आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) डिओ, म्हणजे वरचा फ्यूज, स्वतः काठीने पाडायचा किंवा टाकायचा नाही. ओल्या टिनाच्या ढिगात हात घालण्याआधी मेन बंद आहे याची खात्री करा. बिळात पाणी शिरल्याने घोणस, मण्यार, नाग कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. जळणाचा ढीग काठीने आधी हलवा, त्या रात्री खाली झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

आवराआवर करण्याआधी फोटो. मग तलाठ्याला त्याच दिवशी कळवा, ग्रामपंचायतीतही लेखी द्या आणि पोच घ्या. मेलेलं जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय पुरू नका, नाहीतर पंचनाम्याला आधार उरत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

भिजलेलं सोयाबीन बियाणं सावलीत पातळ पसरून वाळवा, कडक उन्हात नाही. वाळल्यावर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजा. ७० पेक्षा कमी निघाले तर बियाणं म्हणून ते सोडून द्या आणि मृगाआधी दुसरी सोय करा.

उडालेली टिनं परत चढवताना वाकलेलं टिन सरळ करून कडेला लावू नका. घडी पडलेल्या रेषेवर त्याचा दम गेलेला असतो. ते मधल्या रांगेत वापरा, आणि वळचणीला व आढ्याला नवं घ्या.